जेड वेल : पानं भरपूर, फुलं नाहीत, आणि धरलेल्या कळ्याही गळतात

अस्नोड्याचं_परस

मंडळी, नमस्कार. जेड वेलीबद्दल विचारायचं आहे. तीच फिलिपिन्सची, मोरचुदात दूध मिसळावं तशा रंगाची, वाघनखांसारखी फुलं घोसाने लोंबणारी. परिस्थिती सगळी लिहितो, म्हणजे अंदाज करावा लागणार नाही.

जागा गोव्यात, बार्देशात. वर हातभर तांबडी माती, खाली सरळ चिरा, म्हणजे जांभा दगड. चिरा फोडून २ फूट लांब-रुंद-खोल खड्डा केला, त्यात तांबडी माती आणि शेणखत अर्धं-अर्धं भरलं. रोप गुटी कलमाचं होतं, लावून ४ वर्षं झाली. बुंधा अंगठ्याहून जाड आहे. मांडव दोन इंची जीआय पाइपचा, ७ फूट उंच, १० बाय १२. सकाळी आठ ते एक ऊन, नंतर माडांची सावली. दर पंधरा दिवसांनी शेणकाला आणि महिन्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत). दसऱ्यानंतर वेल मांडवाबाहेर फार पसरते म्हणून कापून सारखी करतो.

दर पावसाळ्यात जुलैच्या सुमारास खालची पानं पिवळी पडून गळतात, ऑक्टोबरात पुन्हा वेल हिरवीगार होते. फुलं मात्र नाहीत. यंदा मार्चमध्ये पहिल्यांदा दोन घोस दिसले, वीतभर वाढले, आणि कळ्या बोराच्या आठळीएवढ्या असताना आठ दिवसांत सगळ्या गळल्या. नेमकं काय चुकतंय?

आंबेवाला_पेडणे

वेल फार माजली आहे. नोव्हेंबरपासून पाणी तोडा, महिनाभर ताण द्या. बोगनवेलीला देतो तसा. आंब्याला वापरतात ते पॅक्लोब्युट्राझॉल थोडं मुळाशी दिलं तर वाढ थांबून मोहोर येईल असं वाटतं.

कुळागर_सावईवेरे

पेडणेकर, आंबा आणि बोगनवेल यांना ताण चालतो, जेड वेलीला नाही. ती दमट रानातल्या ओढ्यांच्या काठची वेल आहे. तिथे मुळं कधी कोरडी पडत नाहीत. ताण दिला तर फूल येण्याऐवजी टोकं वाळतात आणि आलेला घोस गळतो. पॅक्लोब्युट्राझॉलही नको. जांभ्याच्या मातीत ते बराच काळ राहतं आणि वेलीची पुढची वाढ आखडते. मुळात ही वेल फुलते जुन्या, जाड फांदीवर, त्यामुळे वाढ थांबवून काही हाती लागत नाही.

आता अस्नोड्याच्या भाऊंसाठी. तुम्ही लिहिलेल्यात चार चुका दिसतात. त्यातली पहिली सगळ्यांत मोठी, ती जमली नाही तर बाकीच्या तिन्ही सुधारून फारसं काही साधणार नाही.

चिऱ्यात खोदलेला खड्डा म्हणजे हौद. जांभा सच्छिद्र असतो हे खरं, पण अखंड चिऱ्याचा तळ आणि चार उभ्या भिंती असल्या की भर पावसात पाणी जितक्या वेगाने आत येतं तितक्या वेगाने जिरत नाही. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. आजूबाजूच्या भुसभुशीत मातीतलं पाणीही चिऱ्याच्या पाठीवरून घसरत याच खड्ड्यात उतरतं. शिवाय निम्मं शेणखत भरलंय. ते कुजून बसतं, मातीचा थर खचतो, आणि हवा नसलेला काळा चिखल तयार होतो. मुळं हवेविना कुजतात, म्हणून जुलैत पानं पिवळी पडतात. ऑक्टोबरात वेल हिरवी होते कारण ती नवी मुळं काढते, आणि वर्षभराची कमाई त्यातच जाते. फेब्रुवारीत घोस पोसायचा तर मुळांचं जाळं जुनं आणि मोठं लागतं. तुमची वेल दर वर्षी शून्यापासून सुरुवात करते आहे.

खात्री करून घ्या. खड्ड्याच्या कडेला, बुंध्यापासून फूटभर अंतरावर, पहारीने २ फूट खोल भोक पाडा आणि त्यात दीड-दोन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवा, खालच्या फूटभर भागाला ड्रिलने भोकं पाडून. वरचं तोंड झाकून ठेवा. पाइपभोवती दोन-तीन बादल्या पाणी हळूहळू ओता. सहा तासांनी पाइपात सुकी काठी घालून बघा किती भिजते. तळाला बोटभर पाणी असेल तर चालेल. वीतभर किंवा जास्त असेल तर हौद आहे असं समजा. पाइप तसाच राहू द्या, पावसाळ्यात रोज बघायला उपयोगी पडतो.

हौद निघाला तर वेल उपटू नका. या वेलीला मुळं हलवलेली सोसत नाहीत, ४ वर्षांची तर नाहीच. उताराच्या बाजूला खड्ड्याची एकच भिंत फोडा. तळापासून बाहेर जाणारा वीतभर रुंद चर चिऱ्यात काढा, दर मीटरला किमान एक-दीड सेंटिमीटर उतार द्या. त्यात भोकांचा ३ इंची पाइप टाका, वर आणि बाजूला चिऱ्याचे अंड्याएवढे तुकडे भरा, त्यावर शेडनेटचा तुकडा पसरा म्हणजे माती चरात उतरत नाही, मग माती ओढा. एका बाजूची थोडी मुळं तुटतील, ती भरून येतात. हे काम आता एप्रिलात सुरू करून मिरगाच्या आधी संपवा. ओल्या चिऱ्यात चर नीट निघत नाही, आणि पाऊस लागल्यावर तुटलेली मुळं कुजतात.

जमीन सपाट असेल, पाणी काढायला जागाच नसेल, तर दुसरा उपाय. खड्ड्याभोवती चिऱ्यांचा फूटभर उंच कट्टा बांधा, व्यास ५-६ फूट. त्यात तांबडी माती २ भाग, कुजलेला पाचोळा १ भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत १ भाग, जांभ्याची बारीक खर १ भाग, असं मिश्रण भरा. बुंध्याभोवती वीतभर जागा मूळ पातळीवरच मोकळी ठेवा. बुंधा मातीखाली गेला तर तोही कुजेल. वर्षभरात मुळं या वरच्या थरात पसरतात आणि खालच्या हौदावरचं अवलंबन कमी होतं. कट्टा सिमेंटने बांधू नका, कोरडा रचा. सिमेंट-चुन्याचं पाणी मातीत उतरलं की आंबटपणा जातो, आणि या वेलीला आंबट माती हवी.

दुसरी चूक दसऱ्यानंतरची छाटणी. घोस येतात ते साधारण २ सेंटिमीटर जाडीच्या, पिकलेल्या फांद्यांवर, बहुतेक मांडवाच्या पोटाखाली, जिथे पानंही फार नसतात. बघताना त्या फांद्या निकामी, काथ्याच्या दोरासारख्या वाटतात, आणि साफसफाईत नेमक्या त्याच जातात. ऑक्टोबरात छाटलं की वेल हिवाळाभर कोवळे शेंडे काढत बसते. छाटणी एकदाच करायची, शेवटचा घोस संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये. मेलेलं, पेन्सिलीहून बारीक, आणि एकमेकांत गुंतलेलं तेवढंच काढा. दसऱ्याला शेंडे मांडवाबाहेर गेले तर कापू नका, वळवून परत आत घाला आणि सुतळीने सैल बांधा.

तिसरी चूक खत. शेणकाला आणि १९:१९:१९ मिळून नत्र फार होतं, म्हणून पानांचा डोंगर. मे महिन्यात छाटणीनंतर ५ किलो कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निमपेंड, बुंध्यापासून फूटभर लांब. जून ते ऑगस्ट काही नाही, दिलेलं सगळं वाहून जातं. चवथीनंतर पाऊस ओसरला की २०० ग्रॅम रॉक फॉस्फेट मातीत मिसळा. आपल्या आंबट जांभ्यात ते हळूहळू लागू पडतं. नोव्हेंबर ते जानेवारी दर वीस दिवसांनी ०:५२:३४ (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशाचं खत), लिटरला २ ग्रॅम, असं १० लिटर पाणी ओल्या मातीत. घोस दिसले की सगळी खतं बंद. चुलीची राख घालायची सवय असेल तर इथे घालू नका, तीही आंबटपणा मारते.

चौथी गोष्ट कळीगळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी वारा सुटतो, हवा कोरडी होते, आणि त्याच वेळी आपण चार दिवस पाणी विसरून पाचव्या दिवशी चिंब करतो. घोसाला तो हेलकावा सोसत नाही. घोस दिसल्यापासून शेवटचं फूल पडेपर्यंत एक दिवसाआड २० ते २५ लिटर, ठरलेल्या वेळी, सकाळी. मुळांवर ४ इंच जाड पाचोळा आणि त्यावर नारळाची सोडणं पालथी मांडा. सोडणं उताणी पडली तर त्यात पाणी साचून डास होतात. खाऱ्या पाण्यात भिजवलेली सोडणं घेऊ नका.

मांडव ७ फूट आहे, तो तुम्हाला कमी पडेल. घोस साधारण ३ फूट, कधी त्याहून लांब. ९ फूट करा, पाइप वरून वाढवता येतो. तारा फूट-फूट अंतरावर ठेवा. कोंबड्यांची जाळी लावली तर घोसाचं टोक जाळीवर अडकून वाकडं होतं आणि तिथेच मोडतं.

अस्नोड्याचं_परस

काका, मनापासून आभार. कालच पाइप बसवून बघितला. तीन बादल्या ओतल्या, सहा तासांनी काठी साडेनऊ इंच भिजली. म्हणजे हौदच. उताराच्या बाजूला चार फुटांवर परसाचा पाट आहे, तिथे चर काढता येईल.

दोन गोष्टी विचारतो. घराच्या कौलांच्या पागोळ्या वेलीपासून तीन फुटांवर पडतात. आणि कळ्यांवर मुंग्या फार होत्या. कळ्या त्यांनी पाडल्या असतील का?

पागोळी

मुंग्यांनी पाडल्या नाहीत. कळ्यांच्या देठांशी पांढरं कापसासारखं काही होतं का बघा. पिठ्या ढेकूण असेल तर मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात आणि त्याला एका घोसावरून दुसऱ्यावर नेऊन सोडतात. रस शोषल्यामुळे कळी पिवळी पडून देठाशी सुटते. पाण्याच्या हेलकाव्याने गळलेली कळी हिरवीच पडते. खाली पडलेल्या कळ्या उचलून बघितल्या की दोन्हीतला फरक लगेच कळतो.

पिठ्या ढेकणाला सुरुवातीला नुसतं पाण्याच्या जोराने धुवा, घोस कोवळा असेल तर बोटाने. मग लिटरला ५ मिली निमतेल आणि २ मिली भांडी घासायचा द्रव साबण, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने दोनदा. उमललेल्या फुलांवर मारू नका, पाकळीवर तेलकट डाग पडून ती काळवंडते. मुंग्यांसाठी मांडवाच्या खांबांना आणि बुंध्याला चार बोटं रुंद कापडाची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीवर नको. हुमले (झाडावरच्या तांबड्या मुंग्या) असतील तर त्यांचं घरटं पावसाआधीच काढा, ते पानं शिवून पिठ्या ढेकणाचा गोठाच करतात.

पागोळ्यांचं पाणी वळवावंच लागेल. उतरत्या छपराच्या दहा फूट कडेचं पाणी एका सरीत किती पडतं, ते एक पिंप खाली ठेवून बघा. अर्ध-गोल पीव्हीसी पन्हळ लावून ते पाटात सोडा. नाहीतर चर काढूनही खड्डा भरत राहील.

चर काढताना मुळं तुटतील, तिथे आणि छाटणीच्या जाड कापांवर बोर्डो लावा. पोफळीच्या कोळेरोगाला फवारतात तेच, १ टक्का. १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या ५ लिटरात, आणि मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्याच्या पाण्यात ओतायचं, ढवळत. उलट करू नका, द्रावण फाटतं. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडी नाही. चकचकीत सुरी मिनिटभर बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडं चुन्याचं पाणी वाढवा, नाहीतर पानं भाजतील. त्याच दिवशी वापरा. कोवळ्या शेंड्यांवर फवारू नका, बुंधा आणि काप एवढंच. मुळांशी ओतू नका, चुना आहे त्यात.

मडगाव_गच्ची

मध्येच विचारते, क्षमा असावी. ऑनलाइन जेड वेलीच्या बियांची पाकिटं मिळतात. आणि फ्लॅटच्या बाल्कनीत ही वेल शक्य आहे का? सकाळी दोन तास ऊन येतं.

पागोळी

ताई, बियांवर पैसे घालवू नका. जेड वेलीचं बी सुकलं की मरतं, शेंग पिकून फुटल्यावर काही दिवसांत पेरावं लागतं. पाकिटात आलेलं सुकं बी, मग ते कुठल्याही वेलीचं असो, जेड म्हणून उगवणार नाही. आपल्याकडे शेंग धरणंही विरळच, कारण मूळ रानात वटवाघळं घोसाला उलटी लटकून मध पितात आणि परागीभवन करतात. रोप घ्यायचं तर गुटी किंवा दाब कलमाचं, आणि घेताना पिशवीच्या तळातून मुळं पांढरी दिसतात का बघा.

बाल्कनीत जेड नको. ही वेल १५-१८ मीटर जाते, फांद्या पिकायला जागा लागते. लोंबणारी फुलंच हवी असतील तर आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण भागातली थनबर्जिया मैसूरेन्सिस बघा, पिवळी आणि तपकिरी-लाल. १८ इंची कुंडीत फुलते, पण दोन तास ऊन तिलाही कमीच, चार तरी हवेत. तुमच्या बाल्कनीला सावलीचं काहीतरी शोधा.

सावलीतली_झाडं

मडगावच्या ताईंना टाक्का सुचवेन. काळं बॅट फ्लॉवर म्हणतात ते. जांभळट-काळी दोन मोठी पाकळीसारखी पानं, आणि खाली फूटभर लोंबणाऱ्या मिशा. गोव्याची दमट हवा त्याला मानवते. याचाच एक हिरवट फुलांचा भाऊबंद कोकणपट्टीच्या रानात पावसाळ्यात उगवतो.

ऊन जवळजवळ नकोच, सकाळचं कोवळं अर्धा तास पुरे. म्हणून बाल्कनीच्या आतल्या भिंतीजवळ, एसीच्या बाहेरच्या यंत्रापासून लांब ठेवा, त्याच्या गरम वाऱ्याने पानांच्या कडा दोन दिवसांत करपतात. कुंडी ८ इंची, मातीची. मिश्रणात माती अगदी कमी : नारळाच्या सोडणाचे सुपारीएवढे तुकडे २ भाग, धुतलेलं कोकोपीट १ भाग, कुजलेला पाचोळा १ भाग, कोळशाचे तुकडे अर्धा भाग. कोकोपीट तीनदा भिजवून पिळा, पहिल्या पाण्याचा रंग चहासारखा येतो, त्यात क्षार असतात. कंद पुरू नका, त्याचं डोकं मिश्रणाच्या वर दिसलं पाहिजे. डोकं बुडालं की महिन्याभरात कोंब मऊ होऊन हातात येतो. टाक्का बहुतेक असाच जातो, आणि लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून ते आणखी घालतात. कुंडीखाली बशी ठेवू नका.

पावसाळ्यात गोगलगायी एका रात्रीत पान चाळणी करतात. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन वेचून मिठाच्या पाण्यात टाका. विषारी गोळ्या वापरू नका, घरात कुत्रं-मांजर असेल तर ते खाऊन मरतं.

अस्नोड्याच्या भाऊंसाठीही एक. चर काढून पाटाच्या बाजूला ओल राहणार, तिथे हेलिकोनिया रोस्ट्राटा किंवा टॉर्च जिंजर लावा, त्यांना ती ओल हवीच असते. टॉर्च जिंजर १० फुटांवर जातं आणि वाऱ्याने पानं फाटतात, म्हणून पोफळी किंवा भिंतीच्या आडोशाला. फूल वेगळ्या, पानं नसलेल्या दांड्यावर जमिनीतून येतं, तेव्हा गवत काढताना तो कोंब चिरडू नका. उभ्या फुलांच्या हेलिकोनियाच्या होडीसारख्या दोण्यांत पाणी साचून डास होतात. रोस्ट्राटा लोंबते, तिच्यात साचत नाही.

अस्नोड्याचं_परस

चराला सोमवारपासून सुरुवात करतो. दोन दिवसांत पन्हळही बसेल. गळलेल्या कळ्यांपैकी थोड्या मांडवाखाली अजून होत्या, बहुतेक हिरव्याच सुकल्या आहेत, म्हणजे पाण्याचीच चूक. शेवटचं एक सांगा : पुढच्या वर्षी घोस आणि कोवळा शेंडा यांतला फरक सुरुवातीलाच कसा ओळखायचा? यंदा पहिला घोस मी शेंडा समजून वर तारेला बांधला होता.

कुळागर_सावईवेरे

जानेवारीच्या अखेरीपासून मांडवाच्या पोटाखाली बघत राहा. शेंडा असेल तर टोक वर वळतं, आधार शोधत वळसे घेतं, आणि बोटभर लांब झाला की पळसासारखी तीन-तीन पानं तांबूस, मऊ, खाली लोंबलेली दिसतात. घोस असेल तर तो पहिल्यापासून सरळ खाली जातो, वळसा घेत नाही. दांडा जांभळट, आणि त्यावर पानांऐवजी तांदळाएवढे दाणे दाटीने बसलेले. दोन-तीन आठवड्यांत दाणे सुटे होतात आणि प्रत्येकाचं टोक वर वाकायला लागतं. तेव्हापासून पाण्याची एकही पाळी चुकवू नका. फुलं वरून खाली उमलतात, म्हणून वरची पडू लागली तरी टोकाच्या कळ्यांसाठी पाणी चालू ठेवा. पडलेली फुलं सुकताना निळी-जांभळी होतात, तो रोग नव्हे.

बांधलेला घोस सोडवायचा असेल तर सुतळी कापा, ओढू नका. देठ हिरव्या चवळीच्या शेंगेसारखा कट्कन मोडतो.